पाण्याचें वय

उन्हाळ्याच्या अखेरीस यवतमाळ जिल्ह्यांतील आटलेल्या विहिरीच्या कांठीं उभा असलेला शेतकरी एवढेंच विचारतो, “पाणी आतां किती खोल?” त्या प्रश्नाच्या पोटीं दुसरा एक प्रश्न आहे, तो सहसा कोणी विचारीत नाहीं: हें पाणी किती वर्षांचें? खोली दोरानें मोजतां येते. वय मोजण्याची विद्या मात्र विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मनुष्यास अवगत नव्हती.

अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ विलर्ड लिबी यांनीं १९४९ च्या सुमारास प्राचीन लांकडांतील किरणोत्सर्गी कर्बावरून त्याचें वय ठरविण्याची रीत सिद्ध केली. १९५७ सालीं जर्मनींतील हायडेलबर्ग येथील म्यूनिख या संशोधकानें तीच कसोटी भूजलास लाविली. पाऊस जमिनींत मुरतांना वनस्पतींच्या मुळांनीं सोडलेला कर्बवायु बरोबर नेतो. खोल खडकांत शिरल्यावर हा पुरवठा थांबतो आणि असलेला किरणोत्सर्गी कर्ब दर ५,७३० वर्षांनीं निम्मा होत जातो. उरला किती हें मोजलें, कीं काळ निघतो.

तरुण पाण्याची कसोटी मात्र मनुष्याच्या अविचारानें हातीं आली. १९५२ नंतरच्या हायड्रोजन बाँबच्या चाचण्यांनीं आकाशांत ट्रिटियम पसरलें. १९६३ सालीं त्याचा कळस झाला आणि त्याच वर्षीं अशा चाचण्यांवर बंदी घालणारा करार झाला. ट्रिटियम १२.३ वर्षांनीं निम्में होतें. तें ज्या पाण्यांत स्पष्ट आढळतें, त्यांत गेल्या कांहीं दशकांतील पावसाचा अंश आहे हें निश्चित.

तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनीं १९९० नंतरच्या दशकांत या कसोट्या जेसलमेरच्या वाळवंटास लाविल्या. तेथील कांहीं गोडें पाणी हजारों वर्षांपूर्वींच्या पावसाचें ठरलें. तें उपसणें म्हणजे व्याजावर नव्हे, मुदलावर जगणें होय.

यवतमाळ वाळवंट नव्हे. परंतु येथेंही खडकाचा विचार करावा लागतो. जिल्ह्याचा बहुतेक भाग काळ्या कातळाचा असून उथळ विहिरींचें पाणी त्याच्या भेगांत व वरच्या मुरुमांत सांठतें. तें बहुधा अलीकडच्या पावसाचें. म्हणून एक पावसाळा चुकला कीं विहीर रिती होते. पूर्वेस वणीकडे कोळशाचे थर असलेला वालुकाश्म आणि चुनखडक लागतो. चुनखडकाच्या कर्बांतील किरणोत्सर्ग केव्हांच संपलेला असतो. तो पाण्यांत मिसळला, कीं पांढऱ्या केसांचा टोप घातलेल्या तरुणाप्रमाणें पाणी वृद्ध भासूं लागतें. म्हणून कर्बाच्या दुसऱ्या एका स्थिर समस्थानिकाचें प्रमाण पाहून हिशेब दुरुस्त करावा लागतो.

हा हिशेब निव्वळ कुतूहलाचा नाहीं. पांढरकवडा व झरी या बाजूच्या कांहीं गांवांना फ्लोराइडयुक्त पाण्याची पीडा आहे. अशा पाण्यानें दांत डागाळतात आणि पुढें हाडेंही जडावतात. पाणी फ्लोराइडयुक्त खडकाच्या संगतींत जितकें अधिक काळ राहतें, तितका त्या खडकाचा दोष त्यांत अधिक उतरण्याचा संभव. उथळ विहीर आटली म्हणून अधिक खोल बोअर घेणारा मनुष्य पाणी मिळाल्याच्या आनंदांत हें विसरतो, कीं खोल पाणी तितकेंच निर्मळ असेल असें नाहीं आणि तें पुन्हां लवकर भरेल असेंही नाहीं.

आपल्या वडिलांनीं बांधलेल्या विहिरीचें साल आपण अभिमानानें सांगतों. तिच्या खालच्या पाण्याचें सालही विचारण्याची वेळ आतां आली आहे. जें एका पावसाळ्यांत आलें, तें जपून वापरावें. जें सहस्र वर्षांत सांठलें, त्यास हात लावण्यापूर्वीं पुढच्या पिढीची आठवण ठेवावी.