कॅनडातील स्थायी वास्तव्याचे मार्ग

परदेशी नागरिकांना कॅनडात कायमचे राहता यावे, यासाठीच्या कायदेशीर वाटा. 1914 मध्ये ‘कोमागाता मारू’ जहाजावरील बहुतेक हिंदी प्रवाशांना व्हँकूव्हरहून परत पाठवणाऱ्या या देशाने 1962 मध्ये वंशाचा निकष बहुतांशी मोडीत काढला आणि 1967 मध्ये शिक्षण, भाषा, वय यांना गुण देणारी पद्धत आणली. कुशल कामगारांसाठी 2015 पासून ‘एक्स्प्रेस एंट्री’ आहे. तीत 1200 पैकी गुण मोजून अर्ज करण्याची निमंत्रणे गुणानुक्रमे निघतात. वयाचे पूर्ण गुण 20 ते 29 या वयातच, पंचेचाळिशीला शून्य. एखाद्या प्रांताने नाव सुचवले, तर एकदम 600 गुणांची भर पडते. मग निमंत्रण जवळपास हातात आलेच म्हणायचे. क्वेबेक आपले कामगार स्वतः निवडतो. तिथे फ्रेंचवाचून निभाव लागणे कठीण.

उद्योजकांची वाट अरुंद आहे. 2013 मध्ये सुरू झालेल्या ‘स्टार्ट-अप व्हिसा’साठी मान्यताप्राप्त गुंतवणूकदाराचे किंवा इन्क्युबेटरचे (नवउद्योगांना आधार देणाऱ्या संस्थेचे) पाठबळ आवश्यक ठरवले गेले.

आणखी एक वाट कुटुंबाची. तिथे राहणाऱ्याला बोलावता येणाऱ्या कुटुंबीयांत जोडीदार, अवलंबित मुले, आईवडील व आजीआजोबा येतात. सख्खा भाऊ सहसा या व्याख्येत बसत नाही, हे एकत्र कुटुंबातून आलेल्यांना खटकते. आईवडिलांना बोलावणाऱ्याला, क्वेबेक वगळता, त्यांच्या खर्चाची 20 वर्षांची हमी लिहून द्यावी लागते.