वेशांतरित जर्मन आक्रमक जहाजे आणि विस्मृत भारतीय खलाशी

प्रस्तावना :
दुसऱ्या महायुद्धाच्या सागरी इतिहासात जर्मन पाणबुड्यांची चर्चा विपुल झाली आहे. त्या तुलनेत व्यापारी जहाजाचा वेश धारण करून वावरणाऱ्या सशस्त्र जहाजांकडे अभ्यासकांचे लक्ष कमी गेले. जे लेखन झाले त्यातही कप्तानांचे धाडस आणि औदार्य यांवरच भर आढळतो. या जहाजांच्या तळघरात कोंडल्या गेलेल्या खलाशांच्या बाजूने या युद्धतंत्राचे मूल्यमापन करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

युद्धतंत्राचे स्वरूप :
या तंत्राचा प्रयोग पहिल्या महायुद्धातच झाला होता. 'वोल्फ' या जर्मन जहाजाने १९१७ मध्ये मुंबईजवळच्या समुद्रात सुरुंग पेरले आणि त्याच वर्षी जून महिन्यात 'मंगोलिया' हे ब्रिटिश प्रवासी जहाज त्यांना बळी पडले. १९४० पासून 'अटलांटिस', 'पिंग्विन', 'थोर', 'कोर्मोरान' आदी नऊ जहाजांनी सव्वाशेहून अधिक जहाजे बुडविली अथवा पकडली. १५ सेंटिमीटरच्या तोफा आडोशाखाली लपविणे, रंग व धुराडी बदलणे आणि तटस्थ वा शत्रुराष्ट्राचे निशाण लावणे ही त्यांची कार्यपद्धती होती.

मराठी वाचकास येथे गनिमी काव्याचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. तथापि दोहोंत मूलभूत भेद आहे. गनिमी काव्याला स्वभूमीचा आणि स्वजनांचा आधार असतो. या जहाजांना जवळ स्वतःचे बंदर नव्हते. त्यामुळे पकडलेले कैदी कित्येक आठवडे जहाजावरच ठेवावे लागत.

नियम आणि व्यवहार :
सागरी युद्धाच्या प्रथेनुसार खोटे निशाण लावून जवळ जाणे क्षम्य होते. मात्र गोळीबारापूर्वी स्वतःचे निशाण उभारणे बंधनकारक होते. जर्मन कप्तान हा नियम बहुधा पाळीत. खरी अडचण बिनतारी संदेशयंत्रणेमुळे उत्पन्न झाली. संकटसंदेश गेला की वेशांतराचा लाभ संपत असे. म्हणून संदेश थांबविण्यासाठी संदेशकक्षावरच तोफा डागल्या जात आणि निःशस्त्र खलाशी प्राणास मुकत. 'विडर'चा कप्तान हेल्मुट फॉन रुक्टेशेल याला १९४७ मध्ये युद्धगुन्ह्यांसाठी शिक्षा झाली, हेही या संदर्भात लक्षात घ्यावे लागते.

'पिंग्विन'चा अंत :
कप्तान एर्न्स्ट फेलिक्स क्र्यूडर याच्या 'पिंग्विन'ने जानेवारी १९४१ मध्ये अंटार्क्टिकाजवळ नॉर्वेचा व्हेलशिकारी ताफा पकडला. त्यानंतर हिंदी महासागरात 'एम्पायर लाइट', 'क्लॅन ब्युकॅनन' आणि 'ब्रिटिश एम्परर' ही जहाजे त्याने बुडविली. ७ मे रोजी 'ब्रिटिश एम्परर'ने पाठविलेला संकटसंदेश निर्णायक ठरला. दुसऱ्याच दिवशी सेशेल्सच्या उत्तरेस ब्रिटिश क्रूझर 'कॉर्नवॉल'ने 'पिंग्विन'ला गाठले. आपण नॉर्वेचे 'टॅमरलेन' आहोत अशी बतावणी क्र्यूडरने केली. ती न टिकल्याने निशाण बदलून त्याने तोफा डागल्या. 'कॉर्नवॉल'चा गोळा सुरुंगांच्या साठ्यात पडताच 'पिंग्विन'चा स्फोट झाला. क्र्यूडरसह तीनशेहून अधिक जर्मन आणि तळघरातील दोनशेच्या आसपास कैदी मृत्युमुखी पडले. कैद्यांत भारतीय खलाशांचा भरणा मोठा होता. पकडले जर्मनांनी, मृत्यू आला तो मात्र ब्रिटिश तोफगोळ्याने.

निष्कर्ष :
या कैद्यांना क्र्यूडरने क्रूरपणे वागविल्याचा पुरावा नाही. तरीही ते वाचले नाहीत. यावरून असे दिसते की, प्रश्न व्यक्तिगत औदार्याचा नसून तंत्राचाच होता. जे जहाज व्यापारी वेशात युद्धनौका आणि कारागृह अशी दोन्ही कामे करते, त्याच्यावरील कैद्यांना कोणताही नियम संरक्षण देऊ शकत नाही.

ब्रिटिश व्यापारी ताफ्यात कोकण, गोवा, गुजरात आणि सिल्हेट येथील खलाशी मोठ्या संख्येने होते. दुसऱ्या महायुद्धात मृत्यू पावलेल्या अविभाजित भारताच्या सुमारे ६,००० व्यापारी खलाशांची नावे मुंबई व चितगाव येथील स्मृतिग्रंथांत नोंदविलेली आहेत. कप्तानांची चरित्रे उपलब्ध आहेत; या नावांमागील माणसांचा इतिहास मात्र अद्याप लिहिला जावयाचा आहे. कोकणच्या स्थानिक इतिहासाच्या अभ्यासकांना येथे संशोधनाचे मोठे क्षेत्र खुले आहे.