घरी आइस्क्रीम करायचे, पण कोणत्या यंत्रावर?

उन्हाळा सुरू झाला की आइस्क्रीमच्या डब्यांनी दुकानांतील फ्रीजर भरून जातात. डबा उचलताना त्यावरील बारीक अक्षरे मात्र फारसे कोणी वाचत नाही. अनेक डब्यांवर 'आइस्क्रीम' नव्हे, तर 'फ्रोझन डेझर्ट' असे छापलेले असते. अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या नियमांनुसार नुसते 'आइस्क्रीम' म्हणवून घेणाऱ्या पदार्थात दुधाचा स्निग्धांश किमान १० टक्के असावा लागतो; फ्रोझन डेझर्टमध्ये त्याच्या जागी वनस्पतिजन्य तेल किंवा चरबी चालते. दुसरी बाब हवेची. एक लिटर आइस्क्रीमचे वजन किमान ५२५ ग्रॅम असावे, एवढीच कायद्याची अपेक्षा आहे. म्हणजे लिटरच्या डब्यात जवळजवळ निम्मी हवा असली तरी ते नियमबाह्य ठरत नाही. मुलांच्या पोटात नेमके काय जाते, या विचाराने घरीच आइस्क्रीम करण्याकडे वळणाऱ्यांपुढे मग यंत्राच्या निवडीचा प्रश्न उभा राहतो.

यंत्राची खरोखर गरज आहे का, हे आधी पाहायला हवे. दुधाचे मिश्रण ट्रेमध्ये घालून फ्रीजरमध्ये ठेवले तर ते गोठते, परंतु सावकाश आणि न हलता. त्यामुळे बर्फाचे स्फटिक मोठे होतात आणि जिभेला कचकच लागते. यंत्र एकाच वेळी दोन कामे करते. डब्याच्या थंड कडेवर गोठणारा पातळ थर आतील पाते सतत खरवडत राहते आणि त्याच वेळी मिश्रणात थोडी हवा घुसळली जाते. कुल्फीला या घुसळण्याची गरज नसते. आटवलेल्या दुधाचा घट्ट, दाणेदार पोत हीच तिची ओळख. ज्यांना कुल्फीच आवडते, त्यांनी यंत्रावर खर्च न केलेला बरा.

बर्फ-मिठाचा पॉट

बाजारात सध्या मुख्यतः तीन प्रकार मिळतात. त्यांतील सर्वांत जुना म्हणजे लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या बादलीतील पॉट. हँडलने फिरवायच्या अशा पॉटचे पेटंट अमेरिकेतील नॅन्सी जॉन्सन या महिलेने १८४३ साली घेतले. त्यातील तत्त्व आजही बदललेले नाही. फक्त हँडलच्या जागी वर विजेची मोटर बसवलेले पॉटही मिळू लागले आहेत.

बर्फात मीठ घातल्यावर तापमान शून्याखाली जाते, त्यामागील कारण समजून घेतले तर पॉट वापरणे सोपे होते. मिठामुळे बर्फाचा वितळणबिंदू खाली येतो. बर्फ वितळू लागतो आणि प्रत्येक ग्रॅमामागे सुमारे ८० कॅलरी उष्णता आसपासच्या वस्तूंतून, म्हणजेच डब्यातील दुधातून, ओढून घेतो. सुमारे तीन भाग बर्फाला एक भाग मीठ असे वजनी प्रमाण ठेवले तर मिश्रणाचे तापमान उणे २१ अंश सेल्सिअसच्या जवळ जाऊ शकते. पण घुसळताना इतकी थंडी नको असते. डब्याच्या कडेला जाड, टणक थर बसतो, पाते अडकते आणि मधले दूध पातळच राहते. म्हणून घुसळण्याच्या वेळी पाच-सहा किलो बर्फाला एक किलो जाडे मीठ पुरते. आइस्क्रीम तयार झाल्यावर, पाते काढून डबा मुरत ठेवायचा असेल तेव्हा मात्र मीठ वाढवावे. बारीक मीठ पटकन विरघळून तळाशी जाते, म्हणून जाडेच घ्यावे. बर्फाचे खडे सुपारीएवढे असावेत आणि बर्फ व मीठ थराथरांनी घालावे.

पॉट विकत घेताना डबा स्टेनलेस स्टीलचा आहे का, झाकण घट्ट बसते का आणि दंतचक्रांना गंज चढणार नाही ना, हे पाहावे. बादलीला वरच्या बाजूस पाणी निघून जाण्यासाठी एक भोक असते, ते झाकणाच्या पातळीपेक्षा खाली हवे. खाऱ्या पाण्याने संपूर्ण डबा नासू नये, यासाठी ती एवढीच सोय असते. बर्फाच्या खड्याने ते भोक बुजत नाही ना, याकडे अधूनमधून लक्ष ठेवावे लागते. लाकडी बादली वर्षभर माळ्यावर पडून सुकलेली असते. वापरण्यापूर्वी काही तास पाण्याने भरून ठेवली की लाकूड फुगते आणि गळती थांबते.

बर्फाविषयी विशेष काळजी घ्यायला हवी. कारखान्यातून येणारी लादी बहुधा खाण्यायोग्य नसते. खाद्य आणि अखाद्य बर्फ ओळखता यावा म्हणून राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ मध्ये अखाद्य बर्फात निळा रंग घालणे बंधनकारक केले. पॉटच्या बाहेरच्या बाजूला असा बर्फ चालतो, पण त्याचा थेंबही आत जाता कामा नये. झाकण उघडण्यापूर्वी बर्फ झाकणाच्या खाली सारून, वरचा भाग स्वच्छ ओल्या फडक्याने पुसून घ्यावा. घरगुती आइस्क्रीम बाधण्यामागे दुधाइतकाच हा हलगर्जीपणाही कारणीभूत ठरू शकतो.

गोठवायचे भांडे आणि कॉम्प्रेसर

दुसरा प्रकार छोट्या घरांना सोयीचा. यातील भांड्याला दोन भिंती असतात आणि त्यांमध्ये द्रव भरलेला असतो. भांडे १६ ते २४ तास फ्रीजरमध्ये ठेवायचे, नंतर यंत्रावर बसवून मिश्रण ओतायचे. सुमारे अर्ध्या तासात आइस्क्रीम होते. बर्फ नको, मीठ नको. अडचण असते ती आपल्या फ्रीजची. या भांड्याला उणे १८ अंशांची थंडी लागते. फ्रीजरवरील एक चांदणी उणे ६, दोन चांदण्या उणे १२ आणि तीन चांदण्या उणे १८ अंश दर्शवतात. (वीजबचतीच्या लेबलवरील चांदण्या वेगळ्या, त्यांच्याशी याची गल्लत करू नये.) एकाच दाराच्या जुन्या फ्रीजमधील बर्फाच्या कप्प्यात हे भांडे पुरेसे गोठेल अशी आशा धरणे व्यर्थ आहे. शिवाय ते कप्प्यात मावते का, हे खरेदीपूर्वी टेपने मोजून घ्यावे. गोठलेले भांडे कानाजवळ हलवल्यावर आत द्रव हिंदकळल्याचा आवाज आला, तर ते अजून तयार झालेले नाही असे समजावे. एका वेळी एकच घाणा निघतो, हीदेखील मर्यादा आहेच. पाहुणे दहा असतील तर पॉटला पर्याय नाही.

कॉम्प्रेसर असलेले यंत्र स्वतःच थंड होते, त्यामुळे एकामागून एक घाणे काढता येतात. किंमत मात्र भांड्याच्या यंत्राच्या कित्येक पट असते, वजन दहा किलोंच्या पुढे जाते आणि ओट्यावरची बरीच जागा कायमची अडते. ते आडवे करून आणले असेल तर फ्रीजप्रमाणेच काही तास उभे ठेवून मगच चालू करावे. वर्षातून चार वेळा आइस्क्रीम करणाऱ्या कुटुंबाने एवढा खर्च करावा, असे आम्हाला वाटत नाही.

अमेरिकेतील नातलगांकडून यंत्र मागवण्याचा मोह अनेकांना होतो. तेथील वीज १२० व्होल्ट व ६० हर्ट्झची, आपली २३० व्होल्ट व ५० हर्ट्झची. ट्रान्सफॉर्मरने व्होल्टेज उतरते, हर्ट्झ बदलत नाहीत. त्यामुळे काही मोटरी सावकाश फिरतात आणि तापतात. सुटे भाग मिळत नाहीत ते वेगळेच.

मिश्रणाचे गणित

यंत्र कितीही चांगले असले तरी पातळ मिश्रणाचे आइस्क्रीम बर्फाळच होणार. टोन्ड दुधात स्निग्धांश ३ टक्के, फुल क्रीम दुधात ६ टक्के आणि बाजारात पाकिटातून मिळणाऱ्या क्रीममध्ये साधारणतः २५ टक्के असतो. ६०० मिलिलिटर फुल क्रीम दूध, ३०० मिलिलिटर क्रीम आणि १५० ग्रॅम साखर घेतली की स्निग्धांश १० टक्क्यांच्या किंचित वर जातो. क्रीम नको असेल तर दीड लिटर फुल क्रीम दूध आटवून एक लिटर करावे. त्याहून अधिक आटवू नये. दुधातील साखरेचे प्रमाण वाढून ठेवणीतले आइस्क्रीम वाळूसारखे रवाळ लागते. घरोघरी वापरली जाणारी जीएमएस आणि सीएमसी पावडर स्निग्धांश व पाणी एकजीव ठेवते आणि स्फटिक वाढू देत नाही. ती मिश्रणाबरोबर शिजवायची असते. सीएमसी चिमटीपेक्षा अधिक पडले तर आइस्क्रीम चिकट होते. साखर कमी करण्याचा आग्रहही फार धरू नये. थंड पदार्थाची गोडी जिभेला कमी जाणवते आणि साखर कमी झाली की गोळा दगडासारखा कडक होतो.

मिश्रण उकळून लगेच थंड करावे आणि किमान चार तास, जमल्यास रात्रभर, फ्रीजमध्ये ठेवावे. कोमट मिश्रण यंत्रात ओतणे ही सर्रास होणारी चूक आहे. घुसळणे लांबते आणि लोण्याचे गोळे येतात. हापूसचा रस गार मिश्रणातच घालावा, गरम दूध आंबट रसाने फाटण्याची भीती असते. सीताफळाचा गर तापवला तर कडवटपणा येतो. डबा दोनतृतीयांशच भरावा. भांड्याच्या यंत्रात पाते आधी फिरते करावे आणि मग मिश्रण ओतावे, नाहीतर ओतताक्षणीच कडेचा थर गोठून पाते जागीच अडकते. काजू-पिस्ते किंवा फळांचे तुकडे शेवटच्या पाच मिनिटांत घालावेत.

मोटरचा आवाज जड झाला की थांबावे. त्या वेळी आइस्क्रीम उणे ५-६ अंशांवर, चमच्यावरून ओघळणाऱ्या श्रीखंडाइतके मऊ असते. यंत्र बिघडले, असा समज करून घेऊन त्याला आणखी फिरवत बसू नये. उथळ डब्यात काढून, पृष्ठभागाला चिकटेल असा प्लॅस्टिकचा कागद लावून चार-पाच तास फ्रीजरमध्ये ठेवल्यावर ते घट्ट होते. आठवडाभरात ते संपवावे आणि एकदा वितळलेले पुन्हा गोठवू नये. पॉटमधील उरलेले खारे पाणी कुंड्यांत न ओतता मोरीत सोडावे, आणि डबा, पाते व दंतचक्रे त्याच रात्री गोड्या पाण्याने धुऊन कोरडी करावीत.