वत्सगुल्म आणि स्मृतीचा धागा

वाशीमचे प्राचीन नाव वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी. पण अशी स्वतंत्र शाखा होती, हेच शतकानुशतके विस्मृतीत गेले होते. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यात तिची वंशावळ कोरलेली होती. अक्षरे झिजल्याने काही नावे चुकीची वाचली गेली. राजशेखराच्या ‘काव्यमीमांसे’त वत्सगुल्माचा उल्लेख होता. तुकडे होते, जोडणारा धागा नव्हता. १९३९ साली वाशीमचा दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट उजेडात आला आणि ते तुकडे जुळले.

मानवी मेंदूतही असे जोडकाम करणारा एक अवयव आहे. सोळाव्या शतकात बोलोन्याच्या अरांझी या शरीरशास्त्रज्ञाने त्याच्या आकारावरून त्याला समुद्रघोड्याचे नाव दिले : हिप्पोकॅम्पस. दोन्ही कानशिलांच्या आत तो एकेक असतो. त्याचे कार्य उमगण्यास मात्र विसावे शतक उजाडले, आणि ते उमगले एका माणसाच्या दुर्दैवातून.

अमेरिकेतील हेन्री मोलेसन फेफऱ्याने त्रस्त होता. १९५३ साली डॉ. स्कोव्हिल यांनी शस्त्रक्रिया करून त्याच्या दोन्ही हिप्पोकॅम्पसचा मोठा भाग काढला. झटके कमी झाले, बुद्धी शाबूत राहिली, बालपणही आठवे. पण आताच भेटून गेलेला माणूस तो विसरून जाई. ब्रेन्डा मिल्नर यांनी त्याला आरशात पाहून तारा गिरवावयास लावला. तीन दिवसांत हात सरावला, परंतु आपण हे पूर्वी केले आहे याची त्याला आठवण नव्हती. हाताचे कसब आणि घटनेची स्मृती वेगवेगळ्या वाटांनी जातात, हे त्यातून कळले.

पाहिलेले, ऐकलेले, हुंगलेले मेंदूच्या निरनिराळ्या भागांत नोंदले जाते; कोण, कोठे, केव्हा, याची सांगड हिप्पोकॅम्पस घालतो. १९७१ साली जॉन ओकीफ यांना उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये विशिष्ट जागीच जाग्या होणाऱ्या पेशी आढळल्या. २०१४ साली त्यांना मोझर दांपत्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. हा अवयव गर्भात घडतो कसा, याचा शोध आपल्या मुंबईत लागला. सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या माजी विद्यार्थिनी डॉ. शुभा तोळे यांच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील गटाने २००८ साली दाखविले की, मेंदूच्या काठाशी असलेली एक पट्टी शेजारच्या पेशींना हिप्पोकॅम्पस होण्याचा संकेत देते.

हे आम्ही वाचले ते एका वृद्ध गुरुजींमुळे. मीटरगेजच्या गाडीने अकोल्यास केलेला बालपणीचा प्रवास ते स्थानकागणिक सांगत. पण आम्ही कोण, हे एका भेटीत तीनदा विचारीत. एकदा आम्ही किंचित चिडून उत्तर दिले. त्यांचा चेहरा उतरला. अल्झायमरचा आघात हिप्पोकॅम्पसवर आरंभीच होतो, हे तेव्हा आम्हांस ठाऊक नव्हते. प्रार्थना सुरू होताच मात्र ओठांवर शब्द आपोआप येत.

पुढे आम्ही दारातूनच आपले नाव सांगू लागलो, आणि मग अकोल्याच्या गाडीविषयी विचारीत असू.