जुनी प्रत कुठे मिळेल?

अप्पा बळवंत चौकातल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांत गेली तीस वर्षे माझा पहिला प्रश्न एकच असतो : याची आधीची आवृत्ती आहे का? संशोधनाचे रीतसर शिक्षण मला मिळाले नाही. जे थोडेफार समजते ते याच बुधवार पेठेत, पुणे नगर वाचन मंदिरात दोन आवृत्त्या शेजारी ठेवून ताडून पाहताना समजले. लेखकाने काय गाळले, कोणता शब्द बदलला, यावरून त्याचा आणि त्याच्या काळाचा स्वभाव कळतो. अट एवढीच की पहिली आवृत्ती हाताशी हवी.

ही अट जिथे सहसा पुरी होत नाही असे एक क्षेत्र मला माझ्या भाच्याने दाखवले.

२००४ साली ‘रॅग्नारॉक ऑनलाइन’ हा कोरियन खेळ भारतात अधिकृतपणे आला. इंटरनेटवरून शेकडो माणसे एकाच वेळी एका काल्पनिक जगात वावरतात, आपले पात्र वाढवतात, पेशा शिकतात, असे त्याचे स्वरूप. भाचा तेव्हा अकरावीत होता. क्लास सुटला की बुधवारातल्या एका सायबर कॅफेत बसे. न्यायला गेलो की म्हणे, “मामा, पाचच मिनिटं. पोलाद होतंय.”

त्याच्या पात्राने लोहाराचा पेशा घेतला होता. पाच लोखंड आणि एक कोळसा मिळून एक पोलाद, आणि त्यातून हत्यार. पात्राचे हस्तकौशल्य आणि नशीब यांचे आकडे चढवलेले असले तर हत्यार साधण्याची शक्यता वाढे. फसले तर सगळा माल बुडाला. साधले तर हत्यारावर घडवणाऱ्याचे नाव उमटे आणि ते कोणाच्याही हाती गेले तरी नाव तसेच राही. ताम्रपटाच्या शेवटी कोरणाऱ्याचे नाव असते, त्याची मला आठवण झाली, आणि मी या खेळांकडे इतिहासाचा विषय म्हणून पाहू लागलो.

या खेळांचे मूळ कागदी आहे. १९७४ साली अमेरिकेत आलेल्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’चे नियम पुस्तकात छापलेले होते. नवी आवृत्ती पसंत पडली नाही तर जुने पुस्तक उघडून खेळायला कोणाची आडकाठी नव्हती. १९७८ मध्ये इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठात ‘मड’ हा खेळ तयार झाला आणि अनेकजण एका संगणकावरच्या जगात एकत्र खेळू लागले. १९९७ च्या ‘अल्टिमा ऑनलाइन’ने हजारो माणसांना शिंपी, सुतार, लोहार होण्याची सोय दिली. आता नियम कंपनीच्या सर्व्हरवर राहू लागले. तिथे अपडेट आले की ते सर्वांना लागू होते आणि आधीचे नियम त्याच क्षणी नाहीसे होतात.

अपडेट करणाऱ्यांची बाजूही समजून घेतली पाहिजे. जुन्या खेळाडूंकडे खेळातले धन साचते, किमती फुगतात, नवख्याला शिरकाव करणे अवघड होते. एखादा पेशा बाकीच्यांना निरर्थक करून टाकतो. नियम हलवले नाहीत तर खेळ आटतो. पण नियम हलले की आधी केलेल्या कष्टांचा भाव बदलतो, हे हिशेबात धरायला हवे.

याचे ठळक उदाहरण २००३ चा ‘स्टार वॉर्स गॅलेक्सीज’. त्यात तीसहून अधिक पेशे होते. खाणीतला माल काही दिवस मिळे, मग त्या प्रतीचा माल पुन्हा कधीच येत नसे. म्हणून चांगला कारागीर साठा करून ठेवी, नोंदी ठेवी. वस्तू झिजत, म्हणून गिऱ्हाईक परत येई आणि नावाजलेल्या कारागिराचे दुकान सगळ्यांना ठाऊक असे. नोव्हेंबर २००५ मध्ये, जेमतेम दोन आठवड्यांच्या सूचनेने, खेळ नव्याने रचला गेला आणि पेशे नऊवर आले. वेगवेगळे कारागीर ‘व्यापारी’ या एका नावाखाली गेले. जनावरे माणसाळवणाऱ्याचा पेशा उरलाच नाही. लढाईला न जाता केवळ कसबावर नाव कमावलेल्यांच्या पायाखालची जमीन सरकली. डिसेंबर २०११ मध्ये तो खेळही बंद झाला.

आपल्याकडेही मोठी अपडेट झाली आहेत. शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ ला, एकनाथांनी ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला आणि पुढे तीच परंपरा रूढ झाली. तरी कुठल्याशा घरात जुन्या पोथ्या राहिल्या. म्हणून राजवाड्यांना १९०९ साली एकनाथपूर्व मानलेली प्रत छापता आली आणि आजही त्यावर वाद घालता येतो. १८७९ च्या आगीत बुधवारवाडा गेला, पण काय गेले हे निदान ठाऊक आहे. खेळात नियम बदलतो तेव्हा धूरही दिसत नाही.

एका खेळाला मात्र जुनी पोथी सापडली. नोव्हेंबर २०१२ मध्ये ‘रुनस्केप’ने लढाईची पद्धत मुळापासून बदलली आणि बरेच खेळाडू दुरावले. कंपनीजवळ ऑगस्ट २००७ ची एक प्रत राखीव पडून होती. ती उघडावी का, यावर फेब्रुवारी २०१३ मध्ये मतदान घेतले, चार लाखांहून अधिक मते पडली आणि जुने जग पुन्हा सुरू झाले. त्यात नवे काही आणायचे तर आधी खेळाडूंचे मत घ्यायचे आणि सुरुवातीच्या काळात ७५ टक्के पाठिंबा असल्याशिवाय आणायचे नाही, असा पायंडा पडला. इतरांच्या कष्टांवर उभे असलेले जग बदलताना त्यांना विचारावे, हे तत्त्व मला कोणत्याही अपडेटपेक्षा मोलाचे वाटते.

भाच्याच्या लोहाराला असे भाग्य लाभले नाही. तो शिकायला बाहेर गेला आणि भारतातली ती सेवाही काही वर्षांत थांबली. २००९-१० मध्ये कोरियात आणि पुढे इतरत्र त्या खेळाचे ‘रिन्युअल’ झाले. लढाईची गणिते बदलली, ९९ ची कमाल पातळी १५० वर गेली. एके काळचे शिखर वाटेतली पायरी झाले. नोकरी लागल्यावर त्याने परदेशी सर्व्हरवर खेळून पाहिले आणि दोन दिवसांत सोडून दिले. म्हणाला, “मामा, गाव तेच आहे, पण माझे हिशेब तिथे चालत नाहीत.”

ते हिशेब माझ्याकडे आहेत. अप्पा बळवंत चौकातून घेतलेल्या दोनशे पानी वहीत त्याने प्रत्येक हत्याराची नोंद ठेवली आहे : किती पोलाद, कोणता आकडा किती, साधले की फसले. फसलेल्यांपुढे फुली आहे, आणि फुल्या जास्त आहेत. गेल्या वर्षी घर आवरताना बहीण ती वही रद्दीत घालणार होती. मी ती मागून घेतली, खाकी कव्हर घातले आणि ताडपत्रांच्या छायाप्रतींशेजारी ठेवली. त्या जगाची आधीची आवृत्ती माझ्यापाशी तरी एवढीच आहे.

वाचकांच्या घरात अशा वह्या असतील. दिवाळीची आवराआवर करताना त्या रद्दीत टाकण्याआधी एकदा उघडून पाहाव्यात.