फोलीवर बटण, मत जोला

खिशातला स्मार्टफोन इथे बाहेर काढू नका. २९ सप्टेंबर २००६ चा शुक्रवार आहे. लोकांकडे घडीचे मोबाइल आहेत आणि ताजी बातमी हवी तर टीव्ही लावावा लागतो. तुम्ही फ्लोरिडाच्या पूर्व किनाऱ्यावरच्या स्टुअर्ट गावात उभे आहात. हवा दमट, शर्ट पाठीला चिकटलेला, आणि घराघरांपुढच्या हिरवळीवर प्रचाराच्या पाट्या रोवलेल्या. त्यांतलं एक नाव तुम्हाला पुढचे ३९ दिवस पुरणार आहे: मार्क फोली.

एखाद्या खानावळीत शिरा आणि टीव्हीखालचं टेबल धरा. रिपब्लिकन पक्षाचे खासदार फोली यांनी राजीनामा दिलाय. अमेरिकी संसदेत निरोप आणि कागदपत्रं पोचवायला शाळकरी वयाची मुलं नेमतात, त्यांना पेज म्हणतात. अशा पेज राहिलेल्या मुलांना फोली इंटरनेटवरून अश्लील संदेश पाठवत होते, आणि ते संदेश एबीसी न्यूजच्या हाती लागले. शेजारच्या टेबलावरचा माणूस काटा खाली ठेवतो, कारण हा गृहस्थ बेपत्ता आणि अत्याचारग्रस्त मुलांसाठीच्या संसदीय गटाचा प्रमुख होता. मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांविरुद्धच्या ज्या कायद्यावर जुलैमध्ये राष्ट्राध्यक्षांची सही झाली, त्यातही याचा हात होता.

आता निवडणूक कचेरीकडे चला. खरी गंमत तिथे आहे. मतदान ७ नोव्हेंबरला. उमेदवाराचं नाव बदलायची मुदत उलटून गेलीय आणि मतपत्रिकेवर फोली आहेत. पक्षाने दुसरा माणूस द्यायला कायद्याची हरकत नाही, पण त्याचं नाव छापायचं नाही. फोलीच्या नावापुढे पडलेलं प्रत्येक मत त्या नव्या माणसाच्या खात्यात जमा होईल. लग्नपत्रिका वाटून झाल्यावर नवरा बदलला, पण पत्रिका तीच राहू द्या, असा हा मामला.

तुम्ही महाराष्ट्रातून आलेले, तेव्हा मनात आपला कायदा येणारच. आपल्याकडे माघारीची मुदत संपली की यंत्रावरचं नाव पक्कं. मान्यताप्राप्त पक्षाचा उमेदवार वारला तर मतदान पुढे ढकलतात आणि पक्षाला नवा माणूस द्यायला अवधी मिळतो. अब्रू गेली तर मात्र काही मिळत नाही. शिवाय आपला मतदार चिन्ह शोधतो, नाव नंतर वाचतो. इथे चिन्ह नाही. नाव, आणि त्याच्याशेजारी पक्षाची तीन अक्षरं.

सोमवारी, २ ऑक्टोबरला, पक्षाचे पुढारी जो नेग्रॉन यांना निवडतात. ते स्टुअर्टचेच वकील आणि राज्य विधानसभेचे सदस्य. अ‍ॅटर्नी जनरलच्या शर्यतीतून त्या वर्षी आधीच बाहेर पडलेले, म्हणजे मोकळे. समोर डेमोक्रॅट टिम महोनी, पूर्वाश्रमीचे रिपब्लिकन. राष्ट्रीय सभागृहात बहुमतासाठी डेमोक्रॅटना १५ जागा जास्त हव्या आहेत, त्यामुळे एरवी कुणी ढुंकून पाहिलं नसतं अशा या मतदारसंघात आता कॅमेरेवाले मुक्कामाला आलेत.

नेग्रॉनच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. प्रचारात काय सांगाल? मला मत द्या, पण माझं नाव शोधू नका. ज्याची लाज वाटते त्याचं शोधा. नेग्रॉनचे लोक हे लपवत बसत नाहीत, त्याचीच घोषणा करतात: ‘पंच फोली फॉर जो’. फोलीला ठोका, जोसाठी. ‘पंच’ या शब्दावर इथले म्हातारे गालात हसतात. याच मतदारसंघाचा काही भाग पाम बीच काउंटीत येतो. २००० साली तिथल्या छिद्रं पाडायच्या गोंधळात टाकणाऱ्या मतपत्रिकेने जगभर नाव काढलं होतं, आणि फ्लोरिडाचा निकाल ५३७ मतांवर लागला होता. छिद्रांची पद्धत तेव्हाच हद्दपार झाली. घोषणेत तेवढी उरली.

मग भांडण पाटीवर येतं. मतदान केंद्रात ‘फोलीला दिलेलं मत नेग्रॉनला’ अशी सूचना लावायची की नाही? डेमोक्रॅट कोर्टात जातात: केंद्राच्या आत एकाच उमेदवाराचं नाव झळकवणं म्हणजे सरकारी खर्चाने प्रचार. खालचं कोर्ट त्यांच्या बाजूने जातं, वरचं कोर्ट सूचना लावू देतं. माझा कौल विचाराल तर वरच्या कोर्टाला. आपलं मत कुणाला जातंय हे मतदाराला कळू न देणं, याला निःपक्षपातीपणा म्हणायला जीभ रेटत नाही.

मतदानाआधी एक आडवळण घ्या, चार वर्षं मागे आणि बरंच उत्तरेला, जिथे आता तुमच्या नात्यातलं कुणी ना कुणी राहत असेल: न्यू जर्सी, २ ऑक्टोबर २००२. ट्रेंटनमध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात बसा. भेटवस्तूंच्या प्रकरणात सिनेटच्या नीतिमत्ता समितीचा ठपका बसलेले डेमोक्रॅट रॉबर्ट टॉरिचेली दोन दिवसांपूर्वीच शर्यतीतून बाहेर पडलेत. कायदा म्हणतो, उमेदवार बदलायचा तर मतदानाच्या ५१ दिवस आधी, उरलेत ३४. सातही न्यायाधीश एकमताने सांगतात, बदला. मतदारांना खरी निवड मिळणं मुदतीपेक्षा मोठं. फेरछपाईचे ८ लाख डॉलर मात्र डेमोक्रॅटिक पक्षाने भरायचे. देशाचं सर्वोच्च न्यायालय यात पडायला नकार देतं. निवृत्त झालेले ७८ वर्षांचे फ्रँक लाउटेनबर्ग, ज्यांचं टॉरिचेलींशी कधी पटलंच नाही, त्यांची जागा घेतात आणि आरामात निवडून येतात. मुदत अशी वाकवता येते हे रिपब्लिकनांना अजिबात रुचलं नव्हतं. फ्लोरिडात मुदत त्यांच्याच गळ्याशी आली, तेव्हा ती वाकली नाही.

परत चला. ७ नोव्हेंबर, मंगळवार, पाम बीच काउंटीतलं एक मतदान केंद्र. तुम्ही रांगेतून आत येता. कर्मचारी ओळखपत्र पाहतात, सही घेतात आणि तुम्हाला टचस्क्रीनच्या यंत्रासमोर उभं करतात. सिनेटची निवड सरकते, आणि मग तो पडदा येतो. मार्क फोली. नेग्रॉन कुठेच नाही. वर नाही, खाली नाही, बारीक अक्षरांतही नाही. समजा तुम्ही जन्माचे रिपब्लिकन आहात. घरी नातवंडं आहेत. बोट पडद्यापासून इंचभर अंतरावर थांबतं. टेकवता. नावाशेजारी खूण उमटते. वाटतं, सुटलो. पण यंत्र शेवटी सगळी यादी पुन्हा दाखवतं आणि विचारतं, हेच ना? त्या यादीत पुन्हा तेच नाव, आणि तुम्हाला पुन्हा हो म्हणावं लागतं.

रात्री निकाल बघा. महोनी ४९.५ टक्के. फोलीच्या नावाने नेग्रॉन ४७.७ टक्के. फरक साडेचार हजारांहून थोडा कमी. उरलेली मतं तिसऱ्या उमेदवाराला. टीव्हीवरचे पंडित सांगतायत की त्या नावाने नेग्रॉनना बुडवलं. असेलही, नाव बदललं असतं तर ते तरले असते असं मलाही वाटतं. पण चकित व्हायचं तर उलट्या बाजूने व्हा. पाच आठवडे देशभर ज्या नावाची छी-थू चालली, त्यावर एक लाख अकरा हजारांहून जास्त माणसांनी समजून-उमजून बोट ठेवलं. दोन वर्षांपूर्वी खुद्द फोली ६८ टक्क्यांनी जिंकले होते. नाव काळं पडलं, माणूस बदलला, तरी पक्षाचा बहुतेक मतदार जागचा हलला नाही. मतपत्रिकेवरचं नाव म्हणजे माणूस, असं आपण धरून चालतो. इथे लोकांनी ते पक्षाच्या दारावरची जुनी पाटी म्हणून वाचलं आणि आत शिरले.

उरलेलं तिकीट वापरून दोन वर्षं पुढे या. ऑक्टोबर २००८. फोलीच्या बदनामीवर निवडून आलेले महोनी पुन्हा उभे आहेत, आणि मतपत्रिका याही वेळी केव्हाच छापून झाल्यात. एबीसी न्यूज, हो तीच, बातमी देते: कार्यालयातल्या ज्या महिलेशी महोनींचं प्रकरण होतं, तिने दावा ठोकू नये म्हणून त्यांनी १ लाख २१ हजार डॉलर मोजले. महोनी राजीनामा देत नाहीत, माघारही घेत नाहीत. रिपब्लिकन टॉम रूनी ६० टक्के मतं घेऊन त्यांना पाडतात, आणि या खेपेला ती मतं त्यांच्या स्वतःच्या नावावर पडलेली असतात.