शाई कोणाची? : 'बिलव्हेड' आणि चांद्याच्या नोंदी

गुलामगिरीविषयक कादंबरी वाचताना मराठी वाचकाचे तादात्म्य बहुधा पीडिताशी होते. त्यामागे परंपरा आहे. जोतीराव फुले यांनी 1873 मध्ये 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेत गुलामांना दास्यमुक्त करणाऱ्या लोकांस अर्पण केला. परक्या दास्यातून आपले दास्य वाचण्याला तेव्हापासून अधिष्ठान मिळाले. टोनी मॉरिसन यांच्या 'बिलव्हेड' (1987) मधील एका प्रसंगाने मात्र चंद्रपुरात अध्यापन करणाऱ्या मला हे तादात्म्य संशयास्पद वाटू लागले.

मळ्याचा कारभार हाती आलेला 'स्कूलटीचर' आपल्या पुतण्यांकडून सेथ या गुलाम स्त्रीची मानवी लक्षणे एका बाजूला व पशुलक्षणे दुसऱ्या बाजूला, अशी यादी लिहवून घेतो. सेथच्या कानी ते पडते. पुढे कित्येक वर्षांनी तिला सलते ते हे, की त्या लेखनाची शाई तिनेच बनवलेली होती. चाबकाचे वळ कादंबरीत आहेतच. येथे हिंसा वहीत आहे, शिस्तशीर, आणि बहुधा सुवाच्य अक्षरात.

आजचा गडचिरोली जिल्हा 1982 पर्यंत चांदा जिल्ह्याचाच भाग होता. लूसी स्मिथ यांचा चांद्याच्या जमीनमहसूल बंदोबस्ताचा अहवाल 1869 चा. रसेल व हीरालाल यांचे मध्य प्रांतातील जाती-जमातींवरील चार खंड 1916 चे. या दोहोंना टाळून येथील गोंडांचा इतिहास लिहिणे कठीण. वसाहतकाळातील जंगलातली वेठ आणि अमेरिकेतील गुलामगिरी एक नव्हेत. तेथे माणसाची खरेदी-विक्री कायद्याने मान्य होती, हा भेद पुसता येणार नाही. साम्य आहे ते नोंदीच्या रीतीत. कोणते कूळ किती देवांचे, सोयरीक कोठे जुळते, कोठे निषिद्ध, हे गोंडांनीच सांगितले. त्याची वर्गवारी इतरांनी केली. म्हणजे शाई त्यांची. हीरालाल तर याच प्रांतातले. परंतु एतद्देशीय असल्याने लेखणीची बाजू बदलत नाही.

मग मी कोणत्या बाकावर बसतो? सेथच्या जागी बसणे मला सोयीचे होते. तो प्रसंग मला पुतण्यांच्या बाकावर नेऊन बसवतो, आणि तेथे बसल्यावर एक जुनी गोष्ट आठवते. एटापल्लीकडील एका माडिया विद्यार्थ्याने प्रबंधिकेसाठी आपल्या आजीकडून ऐकलेल्या कथा लिहून आणल्या होत्या. मीच आखून दिलेल्या तक्त्यात त्याने 'अंधश्रद्धा' हा रकाना कोरा ठेवला होता. मी तो भरून आणण्यास सांगितले. पुढच्या आठवड्यात त्याने तो भरून आणला.